स्वतःच्या नावाची किल्ली

चादरीची दोन टोकं वहिनीच्या हातात, दोन धाकट्या दिराच्या. अर्धी घडी होते न होते तोच त्याचा फोन वाजला. निरोप वाचता वाचता त्याच्या हातातली टोकं सुटून जमिनीवर लोळली.

"अहो भाऊजी, आत्ताच धुतलीय ती!" वहिनी म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने आपली टोकंही खाली ठेवली.

निरोप आक्काचा होता. ती त्याच्या ऑफिसातली जुनी सहकारी, वयाने मोठी म्हणून सगळ्यांचीच आक्का. 'उद्या नव्या ठिकाणी मुलाखत आहे. आधीची नोकरी का गेली हे विचारतीलच. माझं नेमकं काय चुकलं, तुला कधी कळलं का रे?'

कळायला काय, गेले आठ महिने त्याला कळलेलंच होतं.

कंपनीचा सगळा कोड एका साइटवर राही. तिथून तो उचलून, तपासून, गिऱ्हाइकांच्या फोनपर्यंत पोचवायचं काम बाहेरची एक सेवा करी. दोघींची सोयरीक जुळवायची तर एक डिजिटल किल्ली, म्हणजे पासवर्डासारखी गुप्त अक्षरं, लागते. ती कंपनीच्या सामाईक खात्यातूनच काढायची, असा दंडक. पण त्या परवानगीला दोन दिवस लागणार म्हणून याने स्वतःच्या खात्यातली किल्ली लावून दिली. 'नंतर बदलू' म्हणाला. ते नंतर काही उजाडलं नाही. वर्षभराने खातं आवरताना एक जुनी किल्ली दिसली. कशाची ते आठवेना, म्हणून केर समजून त्याने ती पुसून टाकली.

ती नेमकी तीच किल्ली होती. जोडणी तुटली आणि कंपनीच्या औषधांच्या वेळा सांगणाऱ्या ॲपची दुरुस्ती तीन दिवस वाटेतच अडकली. पोचवण्याची जबाबदारी आक्काची, म्हणून आळ तिच्यावर आला. याला उमगलं तेव्हा याने गुपचूप नवी किल्ली लावली आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. 'झालं बुवा आपोआप सुरू,' सगळे म्हणाले. पुढच्याच आठवड्यात आक्काची खुर्ची रिकामी झाली.

हे सगळं आज पहिल्यांदा त्याने वहिनीला सांगितलं. मग हळूच म्हणाला, "देवापुढे रोज कबूल करतो मी."

"देवाला ते आधीच ठाऊक होतं की! आणि आक्काला काढलं ते काय देवाने?"

"माझी नोकरी जाईल, वहिनी."

"जाईलही. तिची गेलीच ना?"

"फोन करून सांगू?"

"फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून सोपं वाटतंय तुम्हाला. समोर जा."

काही केलं तरी तिचे आठ महिने परत येणार नव्हते. खरं सांगणं एका शब्दाचं काम होतं, आणि ते उमगलं त्याच दिवशी करता आलं असतं. त्याने लॅपटॉप उघडला. खात्याच्या इतिहासात किल्ली पुसल्याची नोंद होती, तारीख, वेळ आणि त्याच्या नावासकट. ती नोंद छापून तो कागद त्याने खिशात घातला आणि चपला चढवल्या. आधी आक्काच्या घरी जायचं होतं, तिथून ऑफिसातल्या साहेबांकडे.