जांभळीचं मूळ

आमची गाडी उत्तम चालत होती, म्हणून मी ती दुरुस्तीला नेली.

हे वाक्य मी सुनीतीला, म्हणजे माझ्या बायकोला, आजवर अनेक प्रकारे समजावून सांगितलंय. तिला ते एकदाही पटलेलं नाही. पण माझ्याबरोबर ज्यांनी नोकरी केली त्यांना पटेल. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. चालू यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात, बंद पडलेलं दिसलं की जीव शांत होतो. (लोकांच्या लग्नपत्रिकांतलं ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारून मी त्या आहेराबरोबर परत दिलेल्या आहेत. त्या घरांतून पुढे बारशाचं आमंत्रण आलं नाही.)

तेव्हा आम्ही सौदीत दम्मामला होतो. ऑफिसातला एक टेक्सासवाला कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याला आपली गाडी विकायची होती. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, लांबलचक नाकाची अमेरिकन गाडी. ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्यांतली. आमची पांढरी, पापभीरू सेडान विकून मी ती घेतली. आता त्या गाडीत मूळचं असं फारसं काही उरलं नव्हतं. इंजिन कुठल्याशा ट्रकचं, सीट जर्मन, एसी जपानी, मागची चाकं पुढच्यांच्या दीडपट. आणि रंग जांभळा. जांभळा म्हणजे असा जांभळा, की पार्किंगमध्ये शेजारच्या गाड्याही जरा जांभळ्या दिसायच्या!

माझी बारा वर्षांची मुलगी केतकी एरवी माझ्याशी इंग्रजीत आणि आईशी हिंदीत बोलायची. पण गाडी पाहून ती शुद्ध मराठीत किंचाळली, "जांभळी!" तेच नाव पडलं.

आता सुनीतीबद्दल. नाशकात ती गंगापूर रोडवर अशी स्कूटर हाणायची, की तिच्या मागे बसल्या बसल्याच मी लग्नाला होकार दिला. (नकार द्यायला उतरावं लागलं असतं, आणि ती थांबत नव्हती.) सौदीत त्या काळी बायकांना गाडी चालवायला बंदी. पाच वर्षं ती सेडानमध्ये माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसली. मी साठच्या वर जायचो नाही, आणि तिचा उजवा पाय नुसताच खालचं कार्पेट दाबत राहायचा.

जांभळीत ती पहिल्यांदा बसली, मी किल्ली फिरवली, सीटखालून तो गडगडाट वर आला, आणि बाई चक्क हसल्या!

"डोळे मिटले ना, की मीच चालवतेय असं वाटतं रे," ती म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आमची कॉर्निशवर फेरी ठरलेली. (सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवार असायची.) एका बाजूला समुद्र, काच खाली, सुनीतीचे डोळे मिटलेले, मागे केतकी गाणी म्हणतेय. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस सुनीती या एका फेरीवर काढायची. शहाणा माणूस इथे थांबला असता.

मला मात्र त्या गडगडाटातून एक खरखर ऐकू येऊ लागली. ती इंजिनाची नव्हती, माझ्या डोक्यातली होती. ट्रकचं इंजिन, जपानी एसी... मग ही गाडी नक्की कोण? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधल्यावर कळलं, की जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी करावी. दुसरा म्हणतो, बदललेली असली तरी तिची मजा लुटावी. मी जन्मापासून पहिल्या पंथातला होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं.

"आपण हिला मूळ रूपात आणू या," मी जेवताना जाहीर केलं.

"का? काय झालंय तिला?"

"झालं काही नाही. पण हे तिचं मूळ रूप नाही."

"तुझं तरी कुठंय? लग्नात केस होते तुला."

"अगं, हा एसी मूळ गाडीत नव्हताच!"

"मूळ माणसाला चड्डीही नव्हती," सुनीती म्हणाली. "आपण एसी ठेवू."

"बाबा, प्लीज डोंट फिक्स इट," केतकी म्हणाली. "शी इज हॅपी!"

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं नाशिकहून आईनेही फोनवर ऐकवलं. एकूण मतदान तीन विरुद्ध एक. लोकशाहीवर माझा विश्वास आहे, पण तांत्रिक बाबतीत नाही.

माझी आशा होती ती वार्षिक तपासणीवर. तिला तिकडे फहस म्हणतात. तिथे गाडी नापास झाली, की मूळ रूपाला पर्यायच उरणार नव्हता. पण टेक्सासवाल्याने सगळे बदल रीतसर कागदावर चढवून घेतले होते. गाडी पास! वर तपासनिसाने आत बसून स्वतःचा फोटो काढून घेतला. घरी येऊन मी "पास झाली" हे ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून सुनीतीला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

शेवटी माझा चेहरा बघवेना तेव्हा ती म्हणाली, "कर बाबा काय करायचं ते. किती दिवस?"

"पंधरा."

"पंधरा. मला माझा गुरुवार परत पाहिजे. तेवढं लक्षात ठेव."

कतीफला खजुरीच्या बागांच्या कडेला अबू हसनचं गॅरेज होतं. अबू हसन तिथलाच, पन्नाशीचा, पोट सुटलेला, कुठलंही इंजिन कानाने ओळखणारा माणूस. हिंदी लोकांच्या गाड्या दुरुस्त करून त्याची स्वतःची अशी एक हिंदी तयार झाली होती. जांभळीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "मुहंदिस, हादा सय्यारा बहुत अच्छा. क्या करना?"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. सय्यारा म्हणजे गाडी.

"मूळ... असली करना. सब असली."

"लेश? अच्छा चलता."

लेश म्हणजे का. मला अडवणारा हा चौथा माणूस होता, पण मी आता ऐकण्यापलीकडे गेलो होतो.

मी पद्धतशीर माणूस. गाडी खोलताना प्रत्येक वायरीच्या टोकाला, प्रत्येक नळीला मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधली. एकशे सोळा चिठ्ठ्या! कुठल्या नंबरचं टोक कुठे जोडायचं याची यादी ऑफिसात इंग्रजीत टाइप केली. आणि चिठ्ठ्यांवरचे आकडे? ते मी मराठीत घातले. कारण गॅरेजमध्ये दुसऱ्या गाड्यांचेही भाग पडलेले असायचे. इंग्रजी आकडे मिसळले असते, अरबीही मिसळले असते. मराठी आकडे अख्ख्या कतीफमध्ये फक्त माझे! या कल्पनेवर मी इतका खूश झालो, की घरी येऊन दोनदा सांगितली.

मग कंपनीने मला जुबैलला शटडाऊनच्या कामावर पाठवलं. जाताना मी अबू हसनला यादी दिली आणि बजावलं, "देखो, डोकं... दिमाग नहीं चलानेका. सिर्फ नंबर देखनेका. नंबर बोलेगा वैसा जोडनेका."

तीस वर्षं गाड्या जुळवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं! त्याने यादीची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "तय्यिब. दिमाग माफी." तय्यिब म्हणजे ठीक. माफी म्हणजे नाही.

पंधरा दिवसांचे साडेतीन महिने झाले. त्यात रंगही आला. मूळ रंग कळावा म्हणून मी दाराच्या आत पत्रा खरवडला होता. जांभळ्याखाली लाल, लालाखाली पांढरा, आणि त्याखाली, सर्वांत मूळ, एक हिरवट पिवळा. त्या रंगाचा तुकडा मी घरी दाखवला.

"हा रंग मी ओळखते," सुनीती म्हणाली. "केतकीच्या लंगोटांना असायचा."

या साडेतीन महिन्यांत गुरुवार यायचे आणि जायचे. सुनीती खिडकीशी उभी राहून इस्त्री करायची. एकदा इस्त्री करताना तिचा उजवा पाय फरशी दाबताना मी पाहिला आणि पेपर तोंडासमोर धरला.

अखेर एका गुरुवारी अबू हसनचा फोन आला, "खलास, मुहंदिस!" (म्हणजे काम पुरं झालं. आमच्याकडे खलास म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं. शब्द मात्र अगदी बरोबर पडला होता.) आम्ही तिघं टॅक्सी करून कतीफला गेलो. केतकीने नवा ड्रेस घातला होता. सुनीतीने काळ्या अबायाखाली ठेवणीतली पैठणी नेसली होती. बाहेर कुणालाच दिसणार नव्हती, तरी नेसली होती. 

गाडी कडक मूळ रूपात उभी होती. हिरवट पिवळी, बारीक चाकांची, एसी नसलेली. आम्ही बसलो. सुनीतीने डोळे मिटले. मी किल्ली फिरवली.

हॉर्न वाजला. मी हॉर्नला हात लावला नव्हता! इंजिन एक गचका खाई, हॉर्न एकदा ओरडे. गचका, पें. गचका, पें. तसंच गॅरेजबाहेर रस्त्यावर आलो. घाबरून ब्रेक दाबला तर वायपर सुरू झाले. संध्याकाळ झाली म्हणून दिव्यांचं बटण ओढलं तर रेडिओ लागला आणि कुणीतरी तावातावाने अरबीत बोलू लागलं. रेडिओचा आवाज कमी केला, तर पुढचे दिवे मंद झाले!

"बाबा, व्हॉट डिड यू डू?" केतकी मागून ओरडली.

तेवढ्यात मागच्या नळकांड्यातून धडाम्‌ असा आवाज झाला, खजुरीवरची सगळी कबुतरं उडाली, आणि गाडी भर चौकात बंद पडली. फक्त वायपर चालू राहिले. आत भट्टी झाली होती. दुकानांतून माणसं बाहेर आली. एकाने सुनीतीच्या खिडकीशी थंड पाण्याची बाटली ठेवली आणि अदबीने मान फिरवून उभा राहिला.

अबू हसन धावत आला. मी बॉनेट उघडलं आणि त्याच्यावर ओरडलो, "ये क्या किया? पहले प्लग का वायर हॉर्न को?"

"नंबर बोला!" त्याने चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. "शूफ! तिसआ. नौ. लिस्ट में नौ हॉर्न."

चिठ्ठीवर मी घातलेला स्वच्छ मराठी एक होता. '१'. मी तो पाहिला. मग अबू हसनने खिशातलं पेन काढून तळहातावर अरबी नऊ लिहिला. '٩'.

मी चिठ्ठी त्याच्या तळहाताशेजारी धरली. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला कतीफच्या चौकात कळलं. माझा एक म्हणजे त्यांचा नऊ. माझा सहा त्यांच्या चारसारखा दिसतो. माझं शून्य म्हणजे त्यांचा पाच! दोन आणि तीन तेवढे सारखे निघाले, म्हणून गाडी चौकापर्यंत तरी आली होती. जे आकडे कशाहीसारखे दिसत नव्हते, त्यांच्या वायरी त्याने नीट गुंडाळून डिकीत ठेवल्या होत्या.

"पण तुला कळलं नाही, की प्लगची वायर हॉर्नला जात नाही?"

"मालूम," तो शांतपणे म्हणाला. "तुम बोला, दिमाग माफी."

"अरे, पण हे अरबी आकडे नाहीत! हे हिंदी..."

"ऐवा!" त्याचा चेहरा एकदम उजळला. "हिंदी! हमारा नंबर का नाम ही अरक़ाम हिंदिया. स्कूल में पढ़ा. तुमारा मुल्क से आया!"

म्हणजे आमच्याच पूर्वजांनी कधीकाळी पाठवलेले आकडे, वाटेत एकाचे नऊ होऊन, मला साभार परत मिळाले होते.

मी मागे वळून पाहिलं. सुनीती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून होती. घामाने काजळ ओघळलं होतं.

"टॅक्सी बघ," ती म्हणाली. मग काजळ पुसत, "छान होती रे ती."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? भर चौकात, चालू वायपरसमोर उभा राहून एक सिनिअर इंजिनिअर रडला.

पुढे सहा आठवडे मी दर सुट्टीला जाऊन वायरी लावल्या. सहाही वेळा गाडीने नवं काहीतरी केलं, चालणं सोडून. शेवटी मी किल्ली अबू हसनच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "तूच घे. आणि आता दिमाग चलाव."

त्याने तो चालवला. एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली ओळखीचा गडगडाट झाला. सुनीतीच्या हातातलं लाटणं थांबलं. आम्ही खाली धावलो. ट्रकचं इंजिन परत बसलं होतं, रुंद चाकं परत आली होती, एसी कुठल्या मिनीबसमधून काढलेला होता, आणि सबंध गाडीला त्याच्या भावाच्या होडीचा उरलेला निळा रंग मारला होता. कुठल्याही पंथात बसणार नाही अशी गाडी! पुढे अबू हसनच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिने सुनीतीला आणि केतकीला हाताने खूण केली, या.

मी पुढे झालो.

"मुहंदिस, तुम नहीं," अबू हसन ओशाळून म्हणाला. मागच्या सीटवर दोघींपुरतीच जागा होती. उरलेल्या जागेत त्याने कपाटाएवढा स्पीकर बसवला होता. "तुम टॅक्सी आव. यल्ला!"

सुनीतीने पोळपाटाचं पीठ लागलेला हात माझ्या शर्टाला पुसला आणि आत शिरली. मी धावत जाऊन टॅक्सी पकडली. कॉर्निशवर आम्ही त्यांच्या मागेच होतो. मागच्या काचेतून सुनीतीचं डोकं दिसत होतं, मागे टेकलेलं. म्हणजे डोळे मिटले असणार.

पेशावरचा टॅक्सीवाला पेटला. "साब, ओव्हरटेक करूँ?"

"नको, नको," मी काच खाली करत म्हणालो. "पीछे ही रहो. पीछे से आवाज अच्छा आता है."

समुद्राचा वारा आत येत होता, पुढून तो गडगडाट. त्यात खरखर अजिबात नव्हती. त्या गाडीची मजा मी आयुष्यात पहिल्यांदा लुटली ती त्या संध्याकाळी, भाड्याच्या टॅक्सीत बसून.