दादूसला भट्टी दाखवायला नेलं

या सहलीचा एकही फोटो नाही, हे आधीच सांगून टाकते. फाटकावरच मोबाइल काढून घेतात. माझी नात सई हळहळली. मला काय, मला ना फोटो काढता येत ना अक्षर काढता येत. मी बोलते, ती टाइप करते. मधेच स्वतःचं शहाणपण घालते, ते मी पुसायला लावते.

जायचं ठरलं एका फोनवरून. आमचे हे ट्रॉम्बेला, देशातल्या अगदी सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एकीवर, पाण्याचे पंप सांभाळायला होते. ती भट्टी केव्हाच बंद झाली. हेही गेले. आता इंजिनिअर लोकांनी त्या भट्टीला ऐतिहासिक वारसा ठरवलं. पाटी लागणार, भाषणं होणार, जुन्या कामगारांच्या घरच्यांना बोलावणं आलं. मुलगा म्हणाला, "आई, या वयात कशाला दगदग?" म्हटलं, "आमचं दोघींचं वय सारखंच आहे. तिला वारसा म्हणतात आणि मला म्हातारी!"

खरं तर पाटीचं मला काय कौतुक? मला माझ्या थोरल्या भावाला, दादूसला, तिथं नेऊन उभं करायचं होतं.

त्याचं असं झालं. माझं सासर कळव्याचं. तिकडं खाडीकाठी भट्टी म्हटली की एकच, तिवरांत लपवलेली हातभट्टी. ह्यांना कामाचं बाहेर बोलायची बंदी. विचारलं की एवढंच म्हणायचे, "भट्टीवर जातो." भट्टीच्या आधीचा 'अणु' त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. त्यात रात्रपाळी करून सकाळी लाल डोळ्यांनी घरी यायचे. दादूस माळकरी माणूस. मी त्याला समजावलं, "अरे, सरकारी भट्टी हाय." तर म्हणाला, "म्हंजे सरकारमान्य देशी!" सगळे हसले, तो हसला नाही. ह्यांनीही त्याच्या ओटीवर जाऊन हात जोडून सांगितलं, "दारूची भट्टी नाय ती," पण त्याला पटलं नाही. तेव्हापासून माझ्या घरचं पाणी त्यानं सोडलं. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडं येतो. आमच्यात मीच ताट घेऊन त्याच्या घरी, शिळफाट्यापलीकडच्या मानपाड्याला जायची. हे गेले तेव्हाही तो आला, दारातच उभा राहिला आणि दारातूनच गेला.

हल्ली तो विसरायला लागलाय. सुनेला आईच्या नावानं हाक मारतो. म्हणून मला घाई.

सई घोडबंदर रोडला राहते. तिथून कळव्याला यायलाच तिची अर्धी सकाळ गेली, तेव्हा तिकडून निघणाऱ्यांनी उजाडायच्या आत निघावं. आम्ही मुंब्रा बायपासनं शिळफाटा करून मानपाड्याला गेलो. रस्ताभर खोदकाम आणि खांब. दादूस धुवट सदरा घालून ओटीवर बसलेला. एमआयडीसीची धुरांडी दिसली तशी म्हणाला, "हीच का गो ती भट्टी?"

"नाय रं. ही तुज्या नाकाखालची. हिचा वास तुला कधी आला नाय?"

परत शिळफाटा, मग महापे, वाशीचा पूल, मानखुर्द. वाशीला छोट्या गाडीला आता टोल नाही. खाण्याचं घरूनच घ्या. मी तांदळाच्या भाकरी आणि भरीत बांधलेलं. दादूसनं हात लावला नाही. भाकरी माझ्या चुलीची ना! शिळफाट्याला सईनं केळी घेऊन दिली, ती खाल्ली. भलतंसलतं विसरतो, हे बरं लक्षात राहतं.

वाचून कुणी उठून जाणार असाल तर जाऊ नका. नाव आधी कळवलेलं नसेल तर फाटकावरून परत याल. आधार कार्ड दोनदा बघतात. खुद्द भट्टी आम्हालाही दाखवली नाही. एका हॉलमध्ये तिचा नमुना ठेवलेला. पाण्याचा खोल हौद आणि त्याच्या तळाशी ती. पाण्यात बुडवूनही न विझणारी भट्टी! तर हे हिच्यासाठी पाणी फिरवत होते म्हणायचं.

पाटीवरचा पडदा निघाला. दादूस चौथी शिकलेला. मी म्हटलं, "वाच." त्यानं बोट फिरवत हिंदीतलं वाचलं आणि वळला. "बाय, हितं रिएक्टर लिवलंय. भट्टी कुटंय?"

एवढा घाट घालून आणला आणि नेमका तोच शब्द पाटीवर नाही! तेवढ्यात नमुना समजावणाऱ्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "आजोबा, रिएक्टर म्हणजेच अणुभट्टी. मराठीत आम्ही भट्टीच म्हणतो."

दादूसनं पाटीवरच्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवलं. मग मला म्हणाला, "मंग त्यानं सांगितलं का नाय?"

"सांगितलं ना. तुज्याच ओटीवर, हात जोडून."

त्यानं माझा हात धरला. "चुकलो गो बाय. तुज्या घरी येतो मी." हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या, दुसऱ्याच कुणासाठी. ह्यांचं नाव कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तरी ऐकायला हे कुठं होते?

येताना ऐरोलीकडून थेट कळव्याला आलो. वाटेत ट्रक आडवा झालेला, गाडी हलेना. दादूसला झोप लागली, ती माझ्या दारातच मोडली. सईनं त्याला हाताला धरून आत आणलं. कितीतरी वर्षांनी तो माझ्या घरात बसला. मी तांब्या-भांडं पुढं केलं. त्यानं भांडं उचललं, ओठाशी नेलं आणि थांबला. भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडं, हाराकडं बघत बसला.

"बाय, तुजा घरवाला अजून भट्टीवरच जातो का गो?"

सईनं तोंड उघडलं. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, ते कुणाला?

म्हटलं, "नाय रं दादूस. भट्टी बंद झाली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि भांडं एका दमात रिकामं केलं.

सई म्हणते, आजी, शेवटी काहीतरी चांगलं सांग, लोक वाचतात. सांगते. दादूसनं आणखी पाणी मागितलं. मी दिलं.