मॉन्टफर्ड साहेबाचे आजोबा

भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मला झोप येते, हे आधीच सांगून ठेवतो. वंशावळी ऐकतानाही येते. आमच्या गावी, कोरीटला, काही वर्षांनी एकदा वहीवंचा यायचा, पिढ्यांची नावं वाचायचा आणि दक्षिणा घेऊन जायचा. त्याच्या वहीत कुणाचाही पूर्वज गरीब किंवा भित्रा निघाल्याचं आठवत नाही. मग आम्ही सगळे असे कसे निपजलो, हे कोडं उरायचंच... असो. अशा माणसाने हा अनुभव लिहावा, यातच सगळं आलं.

पन्नासच्या दशकाची अखेर. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही पश्चिम खानदेशात मोडायचो. मी खांडबाऱ्याला शाळामास्तर होतो. स्टेशनामागच्या बंगलीत हेन्री डॉब्स मॉन्टफर्ड नावाचा अँग्लो-इंडियन म्हातारा राहायचा. जन्मभर मालगाडीचं इंजिन चालवलेलं, पण ऐट व्हाइसरॉयची. भिंतीवर ढाल आणि सिंह असलेलं घराण्याचं चिन्ह. सिंहाचा एक पंजा वाळवीने खाल्ला होता.

साहेबाची बायको इथल्याच गावित आदिवासी घरातली. ती वारली होती. मुलगी डोरा दवाखान्यात नर्स. तिला विलायतेत नोकरी मिळत होती, पण ब्रिटिश पासपोर्टसाठी पणजोबांचा जन्म तिकडचा असल्याचा पुरावा हवा होता. तो न मिळाला तर जागा जाणार होती. इंग्लंडात गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही असते. साहेबाच्या आजोबांच्या बायबलवर 'जॉन डॉब्स मॉन्टफर्ड' आणि गावाचं नाव होतं. तिथल्या पाद्र्याला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"सायबना आजोबा सोधी ऱ्हायनात," बायको म्हणायची, "घरमा घासलेट नही शे, ते कोन सोधी?"

पाद्र्याची उत्तरं सभ्य होती आणि निकामी. जॉन मॉन्टफर्ड नावाचं मूल त्यांच्या नोंदवहीत नाही. मॉन्टफर्ड नावाचं कुणीच नाही.

डोरा खचली. एका दुपारी तिने मामाला बोलावलं. हा वेस्ता, तिच्या आईचा भाऊ, सुपातले दाणे बघून कौल सांगणारा त्या भागातला भगत. साहेबाने मेहुण्याला कधी व्हरांड्याच्या पुढे येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे सूप व्हरांड्यातच मांडलं गेलं. वेस्ताने मोहाच्या दारूचे चार थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडले आणि सुपातल्या ज्वारीचे दाणे चिमटीने उचलून तो जोड्या लावू लागला. साहेब आतून वर्तमानपत्र फडफडवत होता. मी गंमत बघायला बसलो होतो.

"बापाच्या घरी नाही तो," वेस्ता म्हणाला. (त्याच्या मावची बोलीचं मराठी करून लिहितोय.) पुन्हा दाणे उचलले. "आईच्या घरी आहे. बाई दारात बसलीय. जातं फिरतंय."

"बाई दळतेय का?" मी विचारलं.

"नाही ना! तेच तर. जातं घराएवढं. बैल नाही, माणूस नाही. खालून पाणी जातंय. जातं फिरतंय आणि बाईचे हात मांडीवर."

"मामा, सकाळपासून किती थेंब जमिनीवर सांडले आणि किती घशात?" मी म्हणालो. वेस्ता मोठ्याने हसला. त्याला राग आला नाही.

डोरा मात्र हसली नाही. "मास्तरजी, आईच्या घरी म्हणजे... डॉब्स तर नसेल?"

आपल्यात मधलं नाव बापाचं. त्या हिशेबाने मी बिनदिक्कत 'डॉब्स यांचे चिरंजीव जॉन' असं लिहीत आलो होतो. साहेब न वाचताच सही करायचा, मजकूर वाचणं त्याला कारकुनी वाटायचं. पण आजोबा डॉब्स, बाप डॉब्स, स्वतःही डॉब्स! बापाचं नाव असतं तर दर पिढीला बदललं असतं. हे आडनाव होतं, आणि बापाकडचं नव्हतं.

आतलं वर्तमानपत्र थांबलं. साहेब दारात आला.

"मास्टर, हमारा खानदान में ऐसा नहीं होता."

"पप्पा," डोरा म्हणाली, "खानदान भिंतीवर आहे. मला पासपोर्ट पाहिजे."

मी पत्र लिहिलं. डॉब्स आडनावाखाली बघा, एवढंच. जात्याचा उल्लेख केला नाही. इंग्रजीत तसलं लिहायची लाज वाटली.

उत्तर आलं, सोबत दाखला. जॉन, मेरी डॉब्सचा मुलगा. बापाच्या रकान्यात काही नाही. मॉन्टफर्ड हे नाव त्याने पुढे स्वतःच घेतलं असावं, असा पाद्र्याचा अंदाज. खाली त्याने आपुलकीने लिहिलं होतं, की डॉब्स मंडळी गावची पाणचक्की चालवायची. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरे, चाकावर जातं. चक्की केव्हाच पडली. जात्याचा दगड आता पाद्र्याच्या घराची पायरी झाला होता.

मी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसलो.

साहेबाने दाखला वाचला आणि भिंतीवरच्या सिंहाकडे बघितलं. हा कागद दाखवायचा म्हणजे आजोबांना बाप नव्हता हे सरकारदरबारी कबूल करायचं. दाखवला नाही तर डोरा इथेच. शेवटी म्हणाला, "भेज दो." मग व्हरांड्यात गेला आणि तिथे बसलेल्या वेस्ताला म्हणाला, "अंदर आओ. कुर्सी पे बैठो." वेस्ता खुर्चीवर असा बसला, जणू कुणी ती खालून काढून घेणार आहे.

डोरा विलायतेला गेली.

मी पुष्कळ डोकं लढवलं. 'आईच्या घरी' हा बापाच्या खानदानाची ऐट मिरवणाऱ्या साहेबाला मेहुण्याने मारलेला टोमणा असू शकतो, तेवढं मला पटतं. पण पाणचक्की? आमच्या मुलखात ती कुणी पाहिलेली नव्हती. मीसुद्धा नाही. वेस्ता नवापूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. त्यालाच विचारलं.

"मी कुठं बघणार? पूर्वजांना विचारलं, त्यांनी दाखवलं." मग म्हणाला, "पण मास्तर, एक कळलं नाही. त्या बाईला दळायचे कष्ट नव्हते. मग ती रडत का होती?"

बाळ, आणि बापाचा रिकामा रकाना... त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी त्याला सांगितलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मला कुणाकडेच मिळालेलं नाही.