भिंगताईंचे उलटे हात

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत भिंगताईंनी एकतीस वर्षं काढली. खरं नाव वेगळं होतं, पण सतत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला दुसऱ्या नावाने हाक मारावी असं कुणाला सुचलंच नाही. काचपट्टीवरच्या थेंबात एखादी पेशी जराशी वेडीवाकडी असली तरी ती ताईंच्या नजरेतून सुटत नसे. मोठे डॉक्टरसुद्धा शंका आली की म्हणायचे, "ताईंना दाखवा एकदा." निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना दुर्बीण दिली. "आता जरा लांबचं बघा," डॉक्टर म्हणाले. ताई मनात म्हणाल्या, भिंगं ती भिंगंच, त्यात शिकायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मागच्या दारी खुर्ची टाकून बसल्या. बाग कसली, तर एक लिंबाचं झाड, कुंपणाची झुडपं आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं दगडी भांडं. झाडावर काहीतरी हललं. ताईंनी झटकन दुर्बीण उचलली. आधी काळोख, मग काळोखात अर्धा चंद्र, मग पानंच पानं. दुर्बीण खाली करेपर्यंत पक्षी पसार.

आठवडाभर हेच चाललं. ताई चष्म्यावरून दुर्बीण लावत होत्या, आणि चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडून घ्यायच्या असतात, हे खोक्यातल्या कागदावर अगदी वरच लिहिलेलं होतं. कागद ताईंनी उघडलाच नव्हता. तो वाचला धाकट्या भावाने, आणि तेच ताईंना जास्त झोंबलं.

हा भाऊ त्यांच्याजवळच राहायचा. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून देण्यात त्याचा जन्म चाललेला. त्याने कडा दुमडल्या, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "अरे वा, बसलाय की!"

"कोण बसलाय?"

"पक्षी. पोट लिंबू-पिवळं. पाठ शेवाळी, पण त्यात किंचित राखाडी पडलाय."

"चोच कशी आहे? सरळ की बाकदार?"

"चोच नाही बघितली."

"मग बघ ना!"

"उडाला."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला चोचीशी देणंघेणं नाही त्याच्यापुढे पक्षी ऐटीत येऊन बसतो, आणि आपण पहाटेपासून मान अवघडून बसलोय त्याचं काहीच नाही!

कडा दुमडल्यावर काळोख गेला खरा, पण नवंच दुखणं उपटलं. पक्षी उजवीकडे सरकला की ताईंची दुर्बीण डावीकडे जायची. पक्षी वरच्या फांदीवर, तर ताई खाली मातीत. "दुर्बिणीतच काहीतरी खोट आहे," त्या म्हणाल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊ बोलून गेला. त्या दिवशी ताई त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

मग त्यांनी हलत नाही अशा गोष्टीवर सराव करायचं ठरवलं. समोर शेजारच्या शिवणवाल्या बाईंची कपड्यांची दोरी होती. ताई एकेका चिमट्यावर दुर्बीण नेऊ लागल्या. तिसऱ्या चिमट्याशी पोचल्या असतील नसतील, तोच आवाज आला, "आमच्या कपड्यांत काय शोधताय हो?"

"पक्षी," ताई म्हणाल्या.

"कपड्यांत?"

सराव करतेय असं सांगायला ताईंची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोरीपुढे भलीमोठी चादर ताणून टाकली.

पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी कागदावर सही घ्यायला ताई प्रयोगशाळेत गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी म्हणाली, "ताई, हे जरा बघता?" ताई बसल्या, एक डोळा लावला, बोटं आपोआप चालू लागली. पेशी डाव्या कडेला होती, ती मधे आणायला त्यांनी पट्टी सरकवायचं चाक उजवीकडे फिरवलं. आणि त्या थबकल्या. या सूक्ष्मदर्शकाचं चाक उलटं चालतं, पेशी ज्या बाजूला दिसते तिच्या विरुद्ध बाजूला ते फिरवावं लागतं. एकतीस वर्षं हातांनी हेच गिरवलं होतं.

कोडं सुटल्याचा आनंद झाला नाही. उलट घरी येऊन त्यांनी पर्स खुर्चीवर आपटली. "ज्या हातांचं सगळे कौतुक करायचे ना, तेच आता आडवे येतायत," त्या भावाला म्हणाल्या. "या वयात हात कसे सरळ करू रे?"

भावाने या वेळी चेष्टा केली नाही. "हातांनी शोधूच नकोस," तो म्हणाला. "आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धर. नजर तिथून काढायची नाही, मान हलवायची नाही, फक्त दुर्बीण मधे आणायची."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कागदावर आहे," तो चाचरत म्हणाला.

ताईंनी कागद हिसकावून घेतला आणि उभ्या-उभ्याच शेवटपर्यंत वाचला.

त्यानंतर तीन आठवडे दंड भरून येईपर्यंत त्या हेच करत राहिल्या. बघायचं, नजर रोखायची, दुर्बीण उचलायची. दहादा चुकायचं. चिडून दोनदा दुर्बीण कपाटात टाकली आणि दोन्ही वेळा तासाभरात बाहेर काढली.

एका सकाळी दगडी भांड्याच्या काठावर काहीतरी येऊन बसलं. ताईंनी नजर रोखली, दुर्बीण मधे आणली. धुरकट गोळा दिसला. मधलं चाक फिरवलं तर गोळा आणखी पसरला. दात-ओठ खात त्यांनी ते उलट फिरवलं, आणि पक्षी लख्ख समोर आला. चोच बाकदार, टोकाशी पाण्याचा थेंब लोंबतोय, छातीवरची बारीक पिसं वाऱ्याने विस्कटतायत. चार आकडे मोजून होतील एवढाच वेळ. मग तो उजवीकडे उडाला आणि ताईंचे हात डावीकडे गेले.

"शी!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की भाऊ चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"दिसला का?"

"दिसला. नीट बघू दिलं नाही मेल्याने."

भाऊ डबा घेऊन दुकानात गेला. ताई ऊन अंगावर येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. पण त्या दिवशी दुसरं काही आलं नाही.