येळवशीच्या पंगतीत सुभाषबाबू

आमचे मास्तर लई भित्रे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू न्हाईत म्हणत्यात, पण खरं ते खरं, आन बायकोपरीस ते जास्ती कुणाला ठाऊक असणार? तपासणीचा साहेब येणार म्हणलं की आदल्या दिवशीपासनं पोट बिघडायचं. रस्त्यावर खाकी टोपी दिसली की हे बोळात शिरायचे. गाव त्यान्ला महांतप्पा मास्तर म्हणायचं. त्यांच्या भित्रेपणावर मी लई चिडायचे. "अवो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस! जरा ताठ चाला की," म्हणायचे. ते नुसतं हसायचे.

आन ह्याच माणसानं असला उद्योग मांडला, की माझीच पाचावर धारण बसली.

तवा आमचं जळकोट निजामाचं आन सोलापूर इंग्रजाचं. माझं माहेर सोलापुरात. मोठी लढाई संपली त्या साली मास्तर मला आणायला तिकडं आले आन चार दिवस वाचनालयातच बसून राहिले. सुभाषबाबूंच्या फौजेतल्या लोकांवर दिल्लीत खटला चालू होता, पेपरात पानंच्या पानं भरून यायची. आमच्याकडं शाळेत सकाळी निजामाची दुवा म्हणायची, पाढे म्हणायचे, गप घरी जायाचं. देशाचं नाव काढलं की नोकरी जायाची, वर तुरुंग. अशी उचलून नेलेली माणसं आसपासच्या गावात होती, आन त्यांच्या बायकांचे हाल म्या डोळ्यानं बघितलेले. मला दिवस गेलेले. आधीची दोन हाताला लागली न्हवती, म्हणून जीव आणखीच टांगणीला.

शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी पोरं आमच्या रानात जोंधळ्यावरची पाखरं हाकायला यायची. मास्तर बी जायला लागले. एकदा मी भाकरी घेऊन गेले, तर पाखरं राखायच्या माचव्याखाली पोरं गोळा झालेली आन हे सांगायलेत, "सुभाषबाबूला देश म्हंजे नुसती जमीन न्हवती. देश म्हंजे माणसं. त्याच्या फौजेत हिंदू, मुसलमान, शीख एका चुलीवरचं खायचे, एका पंगतीला बसायचे. आपण एका पंगतीला बसत न्हाय, तवर आपलं राज्य आलं तरी अर्धंच."

सांगताना आवाज असा बारीक, आन दर वाक्याला रस्त्याकडं नजर. म्या त्यान्ला बाजूला ओढलं. "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर? माझ्या पोटाकडं तरी बघा!"

म्हणले, "गिरजे, मला बी लई भ्या वाटतंय. पण ही पोरं मोठी होत्याल, आन त्यान्ला वाटंल जगात निजामाबिगर कुणी न्हाईच."

असं ते चाललं. मग येळवस आली, आमची येळ अमावस्या.

आमच्या भागात येळवशीला गाव रिकामं, सगळे रानात. कडब्याची कोप, खोपटीसारखी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. आन वाटंनं जाणाऱ्याला बोलवून जेवू घालायचं. ओळखीचा असू नायतर वैरी असू, येळवशीला माणूस बांधावरनं उपाशी गेला तर रानाची बरकत जाती म्हणत्यात. पोरं तर वाटंवर उभी ऱ्हाऊन माणसं धरून आणायची, कुणी जास्त आणली त्याच्या पैजा. पण परक्या जातीचा माणूस असला तर त्याला कोपीबाहेर, झाडाखाली वाढायचं. आमच्या सासूबाई, रुद्रम्मा, ह्या बाबतीत लई कडक.

त्या दिवशी मास्तरांची शाळेतली पोरं बी आमच्याकडंच. माझ्या दिराची पोरगी हरणी, लई जिभाळ, ती सगळ्यांच्या पुढं. मी आत वाढायले, तवर बाहेर तिची हाळी ऐकू आली, "काकी, पाव्हणा आणलाय!" वर बघते तर कोपीच्या तोंडाशी पोलीस. नळदुर्गाकडं सायकलीवर निघालेला दस्तगीर जमादार! हरणीनं त्याचा हात धरून ओढत आणलेला.

मास्तरांच्या हातातला उंडा पानात पडला.

हरणीनं काय करावं? त्याला झाडाखाली न्हाय नेलं. सरळ आत आणलं आन मास्तरांच्या शेजारी, पंगतीत बसवलं. सासूबाईंनी डोळे वटारले, पण येळवशीच्या पाव्हण्याला ऊठ कोण म्हणणार? जमादार बी दचकला. "अगं बेटी, मी बाहेर बसतो की."

"बाहेर का? सुभाषबाबूच्या फौजेत समदे एकाच पंगतीला बसत्यात," हरणी म्हणली, अशी खणखणीत.

जमादारानं घास खाली ठेवला. "हे कुणी सांगितलं तुला?"

हरणीनं मास्तरांकडं बघितलं. सगळ्या पोरांनी बघितलं. म्या मधीच तोंड घातलं, "पोरगीच हाय, बाजारात ऐकलं असंल कुठंतरी."

"मास्तर?" जमादारानं विचारलं.

"मला ठाऊक न्हाय," मास्तर म्हणले. "म्या न्हाय सांगितलं."

हरणीचं तोंड असं उतरलं, की मला बघवंना. जमादार जेवला. हात धुतला, टोपी घातली, आन जाता जाता मास्तरांच्या जवळ वाकला. "माझा धाकटा भाऊ इमाम निजामाच्या पलटणीतनं मलायाला गेला. लढाई संपली तरी खबर न्हाय. काही जण त्या फौजेत गेले म्हणत्यात. तुमच्या वाचण्यात काय आलंय का?"

हा फास असणार, मी मनात म्हणलं, बोलू नका. मास्तर म्हणले, "न्हाय. मला काय ठाऊक न्हाय."

जमादार गेला. मी देवाला हात जोडले. वाचलो! पण मास्तर पानावर तसेच बसलेले. पोरं खाली मान घालून खायली. एकदम मास्तर उठले.

म्या धोतराचा सोगा धरला. "कुठं निघालात? हात दाखवून अवलक्षण करताय का?"

"गिरजे, त्यानं भावाचं विचारलं गं. आन पोरांच्या देखत मी खोटं बोललो."

"पोरांचं काय घेऊन बसलात! माझं काय? ह्या पोटातल्याचं काय?"

त्यांनी सोगा सोडवला आन निघाले. ढेकळात दोनदा अडखळले. मी बांधावर जाऊन उभी राहिले. लांब रस्त्यावर जमादारानं सायकल थांबवली. मास्तर हात हलवून काय तरी सांगायले, शाळेत सांगत्यात तसंच. ऐकू काहीच येत न्हवतं. मग जमादारानं त्यांचा दंड धरला आन मी मोठ्यानं किंचाळले. सासूबाई धावत आल्या.

दंड धरून तो नुसता उभा राहिला. मग सायकलीवर बसला आन गेला.

मास्तर परत आले. "काय सांगितलंत?"

"मीच शिकवतो म्हणून सांगितलं. फौजेचं वाचलेलं सगळं सांगितलं. इमामचं ठाऊक न्हाय म्हणलो, ते खरंच ठाऊक न्हाय."

"आन तो काय म्हणला?"

"काहीच न्हाय."

मग आत जाऊन पोरांसमोर बसले. "मघाशी मी खोटं बोललो. भ्यालो म्हणून बोललो," म्हणले. माझ्या अंगाची लाही झाली, आन रडू बी आलं.

त्या दिवसापासनं माझी झोप गेली. दार वाजलं की मी आधी फटीतनं बघायचे. संक्रांत झाली, आन एका दुपारी खाकी टोपी आमच्या दारात. म्या मास्तरांना कणगीमागं ढकललं, पदर सावरला आन उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"अक्का, मास्तर हैत?"

"न्हाईत. गावाला गेलेत."

जमादारानं टोपी काढली. चेहरा नुसता काळवंडलेला. "सांगा त्यान्ला, इमाम गेल्याची खबर आली. तिकडंच गेला. निजामाच्या पलटणीत असताना गेला का त्या फौजेत, कुणी सांगंना. माझ्या आईला रडायला आता थडगं बी न्हाय. मास्तर पोरांना त्या पंगतीचं सांगतात न्हवं? त्यात इमामचं नाव घेतलं तर चालंल का, एवढंच विचारायला आलतो. एकदाच घेतलं तरी पुरं."

माझा त्याच्यावर अजून बी विश्वास बसत न्हवता. पण म्या उंबरा सोडला, ओट्यावर घोंगडी टाकली आन आत हाळी दिली, "अवो, या बाहेर. जमादार तुमच्याकडंच आलेत."