शेवटचा हात कोणाचा?

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील समस्त सुज्ञ नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जगात कोणतीही गाडी आपणहून बिघडत नाही. तिला कोणीतरी बिघडवतो. हा सिद्धांत किन्हवलीच्या रस्त्यावरील एका पत्र्याच्या गॅरेजात मांडला गेला असून त्याचे जनक सुदामदादा हे आहेत. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी आपली गाडी दुसरीकडे न्यावी.

सुदामदादा म्हणजे गाड्यांचे वायरमन. उंचीने बेताचे, पोटाने सढळ, मिशांना दर रविवारी काळा रंग. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे यांचा टेस्ट लॅम्प असायचा: टोकदार दांडी, तिच्या मुठीत इवलासा दिवा आणि शेपटीला चिमटा लावलेली वायर. वीज असेल तिथे टोक टेकलं की दिवा लागतो. लग्नकार्यातही हा दिवा त्यांच्या खिशातून निघत नसे, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

माझी त्यांची गाठ पडली ती हत्तिणीमुळे. हत्तीण म्हणजे माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह. मुरबाडला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्या धंद्याला अशा गाडीची नितांत गरज असते, असं मी घरी सांगितलं होतं. घरात ते आजतागायत कोणी मानलेलं नाही. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. गिअर कधी बदलायचा ते विजेवर चालणारा एक डबा ठरवतो. एका दसऱ्यानंतर त्या डब्याचं डोकं फिरलं. समोरचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरला जी चिकटली ती सुटेचना. चढावर ती कण्हायची, आणि मीही तिच्याबरोबर. कल्याणच्या एका चकचकीत गॅरेजवाल्याने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. ते ऐकून आमच्या घरात कित्येक दिवसांनी गोडाचं जेवण झालं.

शेवटचा उपाय म्हणून मी सुदामदादांकडे गेलो. सोबत सासरेबुवा होते, निवृत्त मुख्याध्यापक. सुदामदादांनी बॉनेट उघडलंच नाही. प्लास्टिकची खुर्ची ओढली, मला तिच्यात बसवलं आणि समोर उभे राहिले.

"शेवटचा हात कोनाचा?"

"कशाला?"

"गाडीला वो, शेठ. बिघडायच्या आधी तिला हात कोनी लावला? पयला मानूस शोधायचा, मंग वायर."

"कोणीच नाही. दसऱ्याला पूजा केली तेवढीच."

"पूजेच्या आधी धुतली असंल."

"धुतली."

"कोनी?"

माझी नजर सासरेबुवांकडे गेली आणि सुदामदादांनी ती वाटेतच पकडली. "गुरुजी, वरून धुतली का खालून?"

सासरेबुवांनी चहाचा कप खाली ठेवला. वाहनाची पूजा करायची तर वाहन सर्वांगाने स्वच्छ हवं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी शेतातल्या पंपाचा पाइप लावून हत्तिणीला पोटाखालून आंघोळ घातली होती. सुदामदादा पाठीवर झोपून गाडीखाली सरपटले. गिअरबॉक्सच्या कुशीला एक प्लग असतो. गिअरचा दांडा कोणत्या जागी आहे ते त्यातून डब्याला कळतं. त्यांनी तो उपटला तशी आतून पाण्याची धार त्यांच्या मिशांवर पडली.

"ह्यो बघा, दसरा!" खालून आवाज आला.

हिरव्या पडलेल्या पिना जुन्या टूथब्रशने घासल्या, प्लग वाळवून परत बसवला. दिवा गेला आणि गिअर सुटले. मी उठायला लागलो तर त्यांनी मला खांदा दाबून खाली बसवलं. मुख्य विधी राहिला होता. ज्याचा हात लागला त्याने बॉनेटवर तोच हात ठेवायचा, चार माणसांत मोठ्याने "माझा हात लागला" म्हणायचं आणि नारळ फोडायचा. नारळ गॅरेजातच, बॅटऱ्यांच्या फळीवर रचलेले असत.

सासरेबुवांनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नव्हती, सासूबाईंची तर नाहीच. तरी त्यांनी हात ठेवला आणि नापासांची यादी वाचावी अशा आवाजात म्हणाले, "माझा हात लागला." नारळाचे बरेच तुकडे झाले.

"आता परत नाय बिघडनार," सुदामदादा खोबरं वाटत म्हणाले.

"कशावरून?"

"मानूस सुधारला ना!"

आणि खरंच, पुढच्या दसऱ्याला सासरेबुवांनी हत्तीण ओल्या फडक्याने पुसली, तीही चाकाच्या वरचीच.

त्यानंतर मी कामाशिवायही तिथे जाऊन बसू लागलो. एवढी चांगली करमणूक मुरबाडात नव्हती. बड्याबड्यांनी तिथे नारळ फोडले. एकदा एका डॉक्टरांच्या गाडीची वायर उंदराने कुरतडली. "आता उंदराला बोलावता का?" डॉक्टरांनी विचारलं. सुदामदादा गंभीर झाले. "त्याला बोलता येत नाय, म्हनून मालकानं म्हनायचं. भाताची पोती डिकीत कोनी ठेवली व्हती? उंदीर काय हवा खायला आला?" डॉक्टरांनी नारळ फोडला. उंदराच्या नावाने बिळापाशी टाकावा म्हणून त्यातला एक तुकडाही बाजूला काढला गेला. तो सुदामदादांनीच मागाहून खाल्ला.

मात्र खुद्द सुदामदादांचा हात कधी कशाला लागत नसे. त्यांनी केलेलं काम परत आलं की माल डुप्लिकेट निघे, हवा दमट असे, नाहीतर गिऱ्हाईक दळभद्री असे. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. सुमनवहिनी तिथून चहा घेऊन येत आणि कपाबरोबर एक टोला ठेवून जात.

"काय वो, तुमचा हात कंदी लागला नाय कशाला?"

"माझा हात लागला म्हंजे बरं व्हतं. बिघडत नाय."

"मंग त्या मिक्सरला लावला व्हता, तो का मेला?"

"मिक्सर म्हातारा व्हता!"

"मरायच्या आधी एकदा तरी म्हना. मी नारळ घेऊन बसलेय," वहिनी म्हणत आणि रिकामे कप उचलून जात.

असं चाललं असताना त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, मनीषाचं लग्न ठरलं. मुलगा सरळगावचा. सुदामदादा माझ्या दुकानात आले आणि खताच्या पोत्यावर बसून म्हणाले, "शेठ, पोरगी हत्तिनीतून जाईल. चालवनार तुमी." मी होकार दिला. लग्नाआधी त्यांनी गाडी सजावटीसाठी गॅरेजात नेली आणि दार लावून घेतलं. वहिनींनाही आत प्रवेश नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मला एकट्याला तो चमत्कार दाखवण्यात आला. मागच्या काचेवर लाल दिव्यांच्या माळेने नवरा-नवरीची नावं काढली होती. "बसा, ब्रेक दाबा," त्यांनी हुकूम केला. मी दाबला. मागे नावं झगझगली. सोडला, विझली. ब्रेकच्या दिव्याच्या वायरीतूनच त्यांनी करंट घेतला होता. "मागच्या गाडीला कळाय नको, म्होरं कोन चाललंय?" असं म्हणताना त्यांचे डोळे ओले झाले होते. मग त्यांनी फेटा नीट केला आणि टेस्ट लॅम्प नव्या झब्ब्याच्या खिशात खोवला.

लग्न लागलं, जेवणं उरकत आली, पाठवणीची वेळ झाली. मनीषा आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या, मग पुन्हा आईच्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बँडवाल्यांनी रडवायचं गाणं धरलं. नवऱ्याच्या मामांनी रुखवताची भांडी डिकीत कोंबली आणि डिकी दाणकन आपटली. मनीषा नवऱ्याशेजारी बसली. मी गाडी चालू केली, ब्रेक दाबला आणि दांडा ओढला.

तो हलेना. दांडा 'पी'वर होता. 'पी' म्हणजे गाडी उभी ठेवायची जागा. तिथून तो तसूभर सरकेना. इंजिन गुरगुरत होतं, पण हत्तीण मात्र मांडवाच्या दारात ठाण मांडून बसली.

रडण्यालाही एक दम असतो. बायका थोडा वेळ रडल्या, मग पदराआडून बघू लागल्या. बँडचं गाणं संपलं, पुन्हा झालं, आणि तिसऱ्यांदा कंटाळून त्यांनी नाचाचं वाजवलं. एक मावशी चुकून नाचलीसुद्धा. मी घामाघूम होऊन दांडा ओढत होतो. तेवढ्यात मागच्या गाडीत बसलेली नवऱ्याची आजी काठी टेकत पुढे आली.

"दारातच अडली," ती म्हणाली. "पोरीचा पाय उचलंना. ह्ये लक्षन बरं नाय."

बँड थांबला. दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. आरशात मला मनीषाचा चेहरा दिसला. ती मेंदी लागलेल्या हातांकडे बघत होती. गाडी आता कोणत्याही क्षणी सुटली असती, पण हे वाक्य मात्र तिच्याबरोबर सरळगावला गेलं असतं. तिथे म्हैस आटली, पंप जळला, तरी ते बाहेर निघालं असतं.

सुदामदादा फेट्यासकट माझ्या पायांपाशी शिरले. फ्यूजच्या डब्याला टेस्ट लॅम्प टेकवला. दिवा लागला नाही. ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज उडाला होता. ब्रेक दाबलाय हे गिअरच्या डब्याला कळेना, म्हणून तो दांडा सोडेना. ते मागे गेले, मीही उतरून गेलो. डिकीच्या दारात एक वायर चेंगरून तिचं तांबं पत्र्याला टेकलं होतं; फ्यूज त्यानेच उडाला होता. वरच्या काळ्या टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्याला सोडवताना नख लागावं म्हणून. अशी घडी दोन्ही तालुक्यांत एकच माणूस घालतो. वायर दाराच्या फटीतून नेली होती. कोणीही दार लावलं असतं तरी चेंगरलीच असती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. त्यांनी वायर कापली, टोक गुंडाळलं, झब्ब्याच्या खिशातून नवा फ्यूज काढून बसवला आणि हळूच म्हणाले, "निघा शेठ. हलेल आता."

मी पुन्हा स्टीअरिंगवर बसलो. तोवर आजी शेजारणीला पुन्हा सांगू लागली होती, "आमच्यात असं कंदी झालं नाय. पायगुन म्हनतात तो काय उगाच?"

"आजी," सुदामदादा म्हणाले, "गाडी आपनहून बिघडत नाय."

किन्हवलीच्या मंडळींना हे वाक्य पाठ होतं. सगळे एक पाऊल मागे सरले. डिकी आपटणाऱ्या मामांनी घाईघाईने घाम पुसला. सुदामदादांची नजर त्यांच्यावरून गेली, किंचित रेंगाळली. पण ती पुढे सरकली.

"मांडवातून नारळ आना रे!"

नारळ आला. सुदामदादांनी उजवा हात बॉनेटवर ठेवला. त्यांनी घसा साफ केला. मनीषाने काचेतून मान वर केली.

"माझा हात लागला," ते म्हणाले, आणि मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझा! नावं उजळायची हौस मला, वायर मी चेपली. पोरीच्या पायाला कोनी नावं ठेवायची नाय!"

नारळ फुटला. आजीने खोबऱ्याचा तुकडा घेतला, चावून पाहिला आणि म्हणाली, "बापाचा हात व्हय? मंग काय नाय. जाऊ दे गाडी." मनीषा आता खरं रडायला लागली, हसत हसत. बँडने पुन्हा ते गाणं धरलं. मी ब्रेक दाबला, दांडा लोण्यातून सुरी जावी तसा 'डी'वर आला आणि हत्तीण हलली.

तेवढ्यात इतका वेळ पदरात तोंड खुपसून हुंदके देणाऱ्या सुमनवहिनी धावत गाडीच्या पुढे आल्या, दोन्ही हात आडवे केले आणि नवऱ्याकडे वळून ओरडल्या,

"अवो, परत एकदा म्हना! व्हिडिओवाला जेवायला बसलाय!"