मोंढ्यातलं पोत्यांचं दुकान

पोत्याच्या दुकानात गिऱ्हाईक कधीच घाईत नसतं. चार पोती उलटी करील, दोन झटकील, बसेल, चहा घेईल आणि जाताना एक किस्सा ठेवून जाईल. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मामांच्या दुकानात मी सात-आठ वर्षं काढली. माल विकला जायचा, किस्से मात्र तसेच पडून!

मामा माझे सख्खे, पण सगळा मोंढा त्यांना मामाच म्हणायचा. दुष्काळ नुकताच सरला होता. ज्याच्या घरी मूठभर दाणा आला, त्याला तो दोन वर्षं पुरवायचा होता. त्यामुळे पोतं निवडायला लोक नवरदेव निवडल्यासारखे यायचे.

साखरा गावच्या सोजरबाई पोतं हुंगून घ्यायच्या. जुन्या पोत्यात आधी काय होतं ते त्यांना वासावरून कळायचं. एकदा मी "अहो, ते नका—" म्हणेपर्यंत बाईंचं डोकं पोत्यात! आत वर्षभर मिरची होती. पहिली शिंक दुकानात, पाचवी रस्त्यावर. डोळे पुसत म्हणाल्या, "ह्या पोत्यात किडा येणार न्हाई मामा, पण माणूसबी येणार न्हाई!"

डोंगरकड्याच्या एका गुरुजींनी हट्टानं हळदीचं पोतं नेलं. मामा म्हणाले, "गुरुजी, दोनदा धुवा, उन्हात टाका, मग गहू भरा." गुरुजींनी नुसतं झटकलं! वर्षभर घरात पिवळ्या पोळ्या. पुढच्या साली आले ते हात जोडूनच. "मामा, घरात कोणाचं लगीन न्हाई अन् सगळ्यांना हळद लागून राहिली!"

मग प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशव्या आल्या. मामांचा त्यांच्यावर भारी राग. कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्यानं मात्र हौसेनं नेल्या, हरभऱ्याची डाळ न वाळवता भरली आणि तोंड गच्च बांधलं. महिन्याभरात बोंबलत हजर. "मामा, डाळीला घाम आला! बुरशी धरली!"

मामा म्हणाले, "तुला रेनकोट घालून वैशाखात बसवतो. तुला काय येतंय बघू!"

पण खरं सांगायचं तर पिशवी वाईट नव्हती. कडक वाळवलेली डाळ तिच्यात छान टिकायची. आमच्या मामीनं मामांच्या नकळत दोन नेल्या होत्या. मी कशाला बोलतो!

आणि आता किसनरावांचं. सेनगावकडचे, साधे, भिडस्त. मुलगी शांता लग्नाची. आमच्याकडं पाव्हणे मुलगी बघायला आले की आधी माजघरातली पोत्यांची थप्पी बघतात. किसनरावांच्या घरात दोनच पोती ज्वारी. रिकामा कोपरा बघून एक स्थळ चहा न घेताच उठलं होतं. आता दुसरं यायचं होतं.

"मामा, हेबी गेलं तर लेकरू मनातून खचंल," ते म्हणाले. "बाहेरून आत काय हाय ते कळलं न्हाई पाहिजे, असे आठ पोते द्या."

मामांनी घट्ट विणीची नवी कोरी पोती स्वतः निवडली. "ज्वारीचा भुस्सा भर. दाबून भर. अन् त्या दिवशी आमीबी येतो."

आम्ही गेलो. दहा पोत्यांची थप्पी अशी काही ऐटीत उभी, की मलाच खरी वाटली! मुलाचे वडील मिशीवाले, कमी बोलणारे. त्यांनी थप्पीकडं पाहून मान डोलवली. किसनरावांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. शांता चहा घेऊन दारात आली.

आणि मामा उठले. तीस वर्षांची सवय हो! भरलं पोतं दिसलं की त्यांचा हात खिशात जायचा आणि पोत्याला भोसकून दाणे काढायची टोकदार नळी बाहेर यायची. मी "मामा!" म्हणून ओरडलो, पण नळी आत गेली होती. भुस्सा तळहातावर आला. मामांनी सवयीनं तोच तोंडात टाकला आणि दाणा चावावा तसा चावला!

किसनराव खाली बसले.

मिशीवाले उठले. चिमूटभर भुस्सा उचलून फुंकला. पोत्याची वीण नखानं दाबून पाहिली. मग किसनरावांच्या कानाशी वाकून, शेजारी आम्हालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले,

"आमी तुरीचा भरला व्हता. त्याच्या काड्या बाहेर येऊन राहिल्या. तुमचं पोतं बराबर हाय. तुमी आमच्याकडं घर बघायला यायच्या आत मलाबी आठ पायजेत. कोणत्या दुकानातलं म्हणायचं हे?"

मामांनी नुसता हात वर केला. तोंडात भुस्सा होता.